घाट खासगीतून बांधला, रूळ कुणी टाकायचे?

काशीच्या मणिकर्णिका घाटावरची आग विझत नाही. पहाटे जा, भर दुपारी जा, मध्यरात्री जा. लाकडांच्या राशी रचलेल्या, डोमांची लगबग चाललेली आणि गंगेवर धूर रेंगाळलेला. इथे देह ठेवला की जन्ममरणाचा फेरा सुटतो, ही श्रद्धा. त्यामुळे कुणी आईवडिलांच्या अस्थी घेऊन येतो, कुणी हातीपायी धड असतानाच एकदा येऊन चक्रपुष्करिणी कुंडाचे पाणी डोळ्यांना लावून जातो. मराठी बोलणे कानावर पडले की घाटावरचा एखादा जाणता माणूस हटकून सांगतो, हा घाट तुमच्या अहिल्याबाईंनी बांधला. सांगणे खरे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घाटाची नवी बांधणी होळकरांच्या अहिल्याबाईंनीच करवली. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिरही त्यांचेच, १७८० सालचे.

हा पैसा आला कुठून, ही गोष्ट मात्र फारसे कुणी सांगत नाही. होळकरांच्या राज्यात पैशाचे दोन कप्पे होते. एक दौलतीचा, म्हणजे सरकारी. फौजफाटा, कारभार, पेशव्यांचे देणे, सगळे त्यातून. दुसरा खासगीचा. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी जो मुलूख लावून दिला, त्याचे हे उत्पन्न. पुढे ते अहिल्याबाईंकडे आले. काशीपासून रामेश्वरापर्यंतचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे या खासगीतून झाली. धर्मकार्याचा भार सरकारी खजिन्यावर टाकायचा नाही, हा बाईंचा हिशेब चोख होता.

घाट झाला, पण घाटापर्यंत यायचे कसे? पायी किंवा बैलगाडीने, महिनोन्‌महिने. काशीयात्रेला निघालेल्या माणसाचा गाव निरोप घ्यायचा तो तो परत येईलच असे नाही, हे मनाशी धरूनच. आगगाडीने हे चित्र पालटले. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता जबलपूरमार्गे रुळांनी जोडली गेली आणि दख्खनचा यात्रेकरू मोगलसराईपर्यंत गाडीने येऊ लागला. तरी शेवटी गंगा आडवी होतीच. पलीकडच्या काठावर उतरायचे आणि नदी ओलांडून काशीत शिरायचे. राजघाटाजवळचा रेल्वेचा पूल १८८७ साली झाला. त्याला तेव्हा डफरिन पूल म्हणत, स्वातंत्र्यानंतर मालवीय पूल म्हणू लागले. मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला तो दूरवर दिसतो.

याच सुमारास होळकरांच्या घराण्याने पुन्हा थैली सोडली, पण या वेळी घाटासाठी नव्हे, रुळांसाठी. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज शेकडा साडेचार, मुदत १०१ वर्षांची. अट एवढीच, की खांडव्याहून इंदूरला रेल्वे आणावी. जमीनही राज्याने दिली. इंग्रजांना मुंबईकडून दिल्लीकडे जाणारे मोठे मार्ग हवे होते. इंदूर वाटेत नव्हते. ते वाटेत यावे म्हणून राजाने पदरचा पैसा घातला आणि नर्मदेवर पूल बांधून १८७० च्या दशकात ‘होळकर स्टेट रेल्वे’ धावू लागली. इंदूरच्या बाजारपेठेला मुंबईचे दार उघडले ते यामुळे. (कर्जाची १०१ वर्षे १९७१ च्या आसपास भरणार होती. तोवर ना कर्ज घेणारे राज्यकर्ते उरले, ना देणारे!)

मोठ्या मार्गावर नसलेल्या गावाला रेल्वे हवी असेल, तर पहिला पैसा कुणी घालायचा, हा प्रश्न तेव्हा इंदूरपुढे होता. स्वातंत्र्यानंतर तोच बीडपुढे आला. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, चौंडीचा. हे गाव जामखेड तालुक्यात आणि ज्या नगर जिल्ह्यात ते येते, त्याला आता त्यांचेच नाव आहे. शेजारचा जिल्हा बीड. निजामाच्या अमदानीत हैदराबाद–मनमाड रेल्वे झाली, ती नांदेड, परभणी, जालना, आजचे छत्रपती संभाजीनगर अशी गेली. बीड बाजूला राहिले. त्याच जिल्ह्यातल्या परळी वैजनाथला गाडी होती, पण जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी शिटी ऐकू येत नव्हती. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे इथली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, ती ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, चुलीभांडी आणि लेकरांसकट. पुण्याला शिकायला जायचे तर एस.टी., दवाखान्यासाठी नगर गाठायचे तरी एस.टी.

अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज होता साडेतीनशे कोटींच्या आसपास. रेल्वेचा हिशेब साधा असतो: घातलेल्या पैशावर किती सुटणार? कोरडवाहू मुलखातला हा मार्ग त्या तराजूत हलकाच ठरणार. म्हणून राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायचे ठरले. रेल्वे घटनेप्रमाणे केंद्राचा विषय, तरी राज्याने निम्मे द्यायचे. काहींना हा अन्याय वाटतो. इंदूरची गोष्ट आठवली तर तितका वाटू नये. ज्याला गाडी आपल्या दारी हवी, त्याने हात सैल सोडायला हरकत नाही.

दुखणे वेगळे आहे. दोघांनी निम्मे-निम्मे द्यायचे म्हटले की एकाचे पाकीट दुसऱ्याच्या पाकिटाकडे बघत बसते. केंद्राच्या अर्थसंकल्पात थोडे, राज्याच्या अर्थसंकल्पात थोडे. मधे भूसंपादन अडलेले, मोबदल्याचे भाव चढलेले. साडेतीनशे कोटींचे काम होता होता ४,८०५ कोटींवर गेले, म्हणजे तेरापटीहून अधिक. ज्या वर्षी राज्याने शंभर रुपये टाकायला हात आखडला, त्याच वर्षाने पुढे हजाराची मागणी केली. घरात लग्न काढून दागिना दरवर्षी एक-एक गुंज करून घडवावा, तशातली ही गत.

कोकण रेल्वेकडे पाहा. तिथेही राज्यांचा पैसा होता. १९९० साली निघालेल्या महामंडळात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. पण भागभांडवल आधी ठरले, उरलेला पैसा रोखे काढून बाजारातून उभा केला आणि डोंगर, दऱ्या, बोगदे पार करून १९९८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. सह्याद्रीच्या कुशीत आठ वर्षे लागली. नगर-बीडच्या माळावर मात्र पहिली प्रवासी गाडी यायला २०२२ साल उजाडले. २३ सप्टेंबरला नगरहून नवीन आष्टीपर्यंत ६६ किलोमीटर डेमू धावली. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखवला. या मार्गासाठी आयुष्यभर भांडलेले परळीचे गोपीनाथ मुंडे ते पाहायला नव्हते. २०१४ साली ते गेले. मागणीच्या मोर्च्यांत तरुणपणी घोषणा दिलेली कितीतरी माणसे त्या दिवशी काठी टेकीत स्टेशनावर आली असतील.

आता बीडची एखादी आजी काशीला निघाली तर पहाटेची एस.टी. चुकवून चालेल. डेमूने नगर, तिथून मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी, जबलपूर असे करत गाडी तिला गंगेपाशी नेईल. वाटेतले खांडवा म्हणजे तुकोजीरावांच्या कोटभर रुपयांचे रूळ जिथून फुटले ते ठिकाण. मणिकर्णिकेवर कुणी विचारलेच, "आजी, कुठून आलात?" तर "बीडाहून" म्हणताना तिला पुढे "आमच्याकडं गाडी नाही बाबा" असे जोडावे लागणार नाही.

तिच्या परळीच्या बहिणीला सोबत घ्यायचे असेल, तर मात्र बहिणीला आधी एस.टी.नेच बीडला यावे लागेल. पहिली गाडी बीडहून सुटली, त्या दिवशी बीड ते परळीचे काम बाकीच होते.