रायफल शेवटी घ्या!

मिरचीचा हंगाम उरकला की नंदुरबारमध्ये घरोघरी हिशेब सुरू होतात. पथारीवरचा माल गेला, पैसे आले. बियाण्याची उधारी, बहिणीची फी, घराची डागडुजी हे सगळं बाजूला काढून जे उरतं, त्यावर कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींचा डोळा असतो. कुणाला बाइक हवी, कुणाला मोबाइल. आणि पॅरिस ऑलिम्पिकनंतर कुणाला चक्क रायफल!

हसू नका. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्याच महाराष्ट्रातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. फायनलमध्ये त्याचे गुण होते ४५१.४. खेड्यातला मुलगा, रेल्वेत नोकरी आणि गळ्यात ऑलिम्पिक पदक. हे पाहून शहाद्याच्या किंवा धडगावच्या मुलामुलींना ‘आपणही का नाही?’ असं वाटलं तर त्यात चूक काय?

चूक नाहीच. फक्त त्याच गोष्टीतला एक तपशील लक्षात ठेवा. स्वप्निल राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. त्याची स्वतःची पहिली रायफल आली ती २०१५ मध्ये रेल्वेत लागल्यावर. म्हणजे आधी सराव, मग स्पर्धा, मग नोकरी आणि त्यानंतर रायफल. आपण मात्र उलटीकडून सुरुवात करतो. आधी खरेदी, मग यूट्यूब, मग माळ्यावर धूळ.

पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट हव्यात.

पहिली, शिकार. सातपुड्याच्या कुशीत राहतो म्हणून ‘एखादा ससा, एखादं तितर’ असं कुणी सहज बोलून जातं. ते सहज नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. छऱ्याच्या बंदुकीने मारलेलं तितरही त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि दंड लाखापर्यंत असू शकतो. एक गुन्हा नोंदला गेला की पोलीस भरती, वनरक्षक भरती, सगळ्याच स्वप्नांवर पाणी. तेव्हा ‘हंटिंग रायफल’ म्हणून जे काही विकलं जातं, ते आपल्यासाठी नाही. आपल्याला हवा तो कागदाचा टार्गेट.

दुसरी, परवाना. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरची आणि २० जूलपेक्षा जास्त ताकद नसलेली एअर रायफल असेल, तर शस्त्र परवाना लागत नाही. बोअर मोठा किंवा ताकद जास्त असेल तर लागतो. ऑनलाइन जाहिरातीत ५.५ मिलिमीटरची दणकट रायफल स्वस्तात दिसते, तिथेच लोक फसतात. विकणारा ‘काही लागत नाही भाऊ’ म्हणेल, पण पोलीस ठाण्यात तो तुमच्यासोबत येणार नाही. बिल घ्या, त्यावर बोअर लिहून घ्या आणि ते जपून ठेवा.

आता खरेदीचं बोलू. बाजारात ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. देशी बनावटीची स्प्रिंगची रायफल दहा हजारांच्या आतबाहेर मिळते. नळी मोडून ताणायची, छर्रा घालायचा, उडवायची. पंप नको, सिलिंडर नको. पण स्प्रिंग सुटताना झटका बसतो आणि छरा नळीतून बाहेर पडायच्या आत हात हलतो. मधली पायरी देशी पीसीपीची, म्हणजे दाबाखालच्या हवेवर चालणारी. हिला झटका जवळजवळ नाही. तिसरी पायरी परदेशी मॅच रायफलची. ती दोन लाखांच्या पुढे जाते.

शालेय आणि जिल्हा पातळीवर ‘ओपन साइट’ आणि ‘पीप साइट’ असे वेगळे गट असतात. ओपन साइट गटात साध्या रायफलवर उतरता येतं. सुरुवात तिथून करण्यात कमीपणा नाही. ज्या स्पर्धेत उतरायचं तिचे नियम आधी वाचा आणि मगच दुकानात जा.

सेकंडहँड पीसीपी मिळत असेल तर सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख बघा. या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो आणि त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि मुख्य म्हणजे तो धोक्याचा असतो. स्वस्त रायफल घेऊन वर नवा सिलिंडर घ्यावा लागला तर स्वस्ताई कुठे राहिली? हवा कुठे भरणार, हेही आधी ठरवा. जवळ सोय नसेल तर हातपंपाचे पैसे हिशेबात धरा.

ॲक्सेसरीजच्या नावाखाली सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. स्कोप, लेझर, बायपॉड फोटोत भारी दिसतात. पण १० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुर्बिणीला परवानगी नाही आणि उभं राहून मारताना पट्टाही चालत नाही. मग घ्यायचं काय? आधी चांगले चपट्या तोंडाचे छर्रे. मग सपाट तळाचे बूट आणि हातमोजा. जाड कॅनव्हासचं शूटिंग जॅकेट त्यानंतर, तेही जुनं मिळालं तर उत्तम. डोळ्यांना संरक्षक चष्मा मात्र पहिल्या दिवसापासून. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

छऱ्यांचाही हिशेब मांडा. मॅचमध्ये ६० शॉट असतात, वेळ ७५ मिनिटं. त्याआधीचे अंदाजाचे २० धरले तर एका सरावाला ८० छर्रे लागतात. ५०० छऱ्यांचा डबा सहा सरावांत संपतो. रायफल एकदाच घ्यायची असते, डबा मात्र दर महिन्याला लागतो. घरच्यांना सांगताना हा आकडाही सांगा.

आणि जे फुकट आहे ते? त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. या वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामाएवढा. तो गाठायचा म्हणजे आधी पायांवर स्थिर उभं राहता आलं पाहिजे. श्वास कधी थांबवायचा, बोट किती हळू दाबायचं, हे छरा न घालताही शिकता येतं. मॅच रायफलमध्ये अशा कोऱ्या सरावाची सोय असते. स्प्रिंगच्या रायफलचा ट्रिगर मात्र रिकामा ओढू नका, ती खराब होते. हॉस्टेलच्या खोलीत छरा उडवायचा नाही, मित्राकडे गंमत म्हणूनही नळी वळवायची नाही. रायफल केसमध्येच न्यायची. वीस पावलांवरून ती एअर रायफल आहे हे कुणालाच कळत नाही. १९४२ मध्ये शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ज्या गावात गोळीने गेले, त्या गावाला बंदुकीचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

पण सगळा भार एकट्या विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बापाच्या मिरचीवर का? मॅच रायफलचा दस्ता लांब-आखूड करता येतो, गालाची पट्टी वरखाली होते. म्हणजे एक रायफल अनेकांना पुरते. दोन लाखांची रायफल वीस जणांनी वापरली तर माणशी दहा हजार पडतात आणि पुढच्या बॅचला ती फुकट मिळते. कॉलेजांनी जिमखान्याच्या निधीतून हे करायला हवं. क्रिकेटचं किट कॉलेजचं असतं, मग रायफल का नसावी? एनसीसीत असाल तर .२२ च्या सरावाची संधी सोडू नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला विचारा. एकट्याने नको, दहाजण मिळून अर्ज द्या. दहा सह्यांचा कागद बाजूला ठेवणं जरा अवघड जातं.

म्हणून यंदा हिशेबाच्या दिवशी वडिलांकडे रायफल मागू नका. सहा महिने मागा. तेवढ्यात दुसऱ्याच्या रायफलवर, कॉलेजच्या रायफलवर उभं राहून बघा. सहा महिन्यांनीही पहाटे उठावंसं वाटलं, तर रायफलीचं बोला. तेव्हा वडीलही नाही म्हणणार नाहीत, कारण तोवर त्यांनी तुम्हाला रोज पहाटे उठताना पाहिलेलं असेल.