दहा-अकरा म्हणजे किती?

आरे कॉलनीच्या मरोळकडच्या टोकाला आमच्या थोरल्या आपा राहतात. पत्र्याचं घर, पुढे हातभर ओटा, ओट्यावर जांभळाची सावली. आता झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर मिळणार म्हणून शबे-बरातपासून तिथे एकच विषय चालू आहे: अम्माजानचा पलंग. आपांच्या सासूबाईंचा हा शिसवी पलंग त्यांच्या निकाहाच्या वेळचा. साडेसहा फूट लांब. दूल्हाभाईंचं मत, नव्या घरात तो मावणार नाही. जुनं फर्निचर घेणारा एक जण येऊन भावही सांगून गेला होता. अम्माजान काहीच बोलत नव्हत्या, तस्बीह फिरवत बसायच्या. त्यांचं न बोलणंच सगळ्यांना जड जात होतं.

भाचा बारावीत आहे. तो म्हणाला, भांडण्यापेक्षा घर संगणकावर काढून बघू. त्याने जुन्या लॅपटॉपवर ‘स्वीट होम थ्रीडी’ उतरवून घेतलं. एमानुएल प्युबारे या फ्रेंच माणसाने २००६ साली आणलेला हा कार्यक्रम फुकट मिळतो. वरच्या चौकटीत नकाशा काढायचा, खालच्या चौकटीत तेच घर उभं राहिलेलं दिसतं. आम्ही दोघं रविवारी जेवायला गेलो आणि रात्रीपर्यंत त्यातच अडकलो.

पहिली अडचण, खालची चौकट काळीच. भाचा म्हणाला, लॅपटॉप गेला. तसं काही नव्हतं. चित्र दाखवणाऱ्या भागाचा ड्रायव्हर जुना होता. तो नवा घातला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, घर दिसलं. मग वीज गेली आणि तासाभराचं काम गेलं, कारण बॅटरी मेलेली आणि फाइल जतन केलेली नव्हती. पसंतीच्या यादीत ठरावीक मिनिटांनी आपोआप नोंद ठेवण्याची सोय असते, ती आधीच लावून घ्यावी. आणि बोटाला कंट्रोल-एसची सवय हवी.

बिल्डरकडून मिळालेल्या नकाशाचा फोटो पाठीमागे ठेवून त्यावर भिंती गिरवता येतात. फोटो मात्र तिरका नको. आमचा तिरका होता, त्यामुळे एका बाजूने माप बरोबर आणि दुसऱ्या बाजूने चूक. कागद जमिनीवर सपाट ठेवून बरोबर वरून फोटो काढला. नकाशावरची सगळ्यात लांब, माप लिहिलेली रेघ धरून प्रमाण दिलं आणि दुसऱ्या एका रेघेवर ते पडताळलं. भिंत काढताना कोन आपोआप सरळ होतात. ते नको असेल तेव्हा आल्ट दाबून धरायचं. एंटर दाबलं की लांबी आकड्यातच लिहिता येते. इथेच आम्ही फसलो.

एक चूक लगेच सापडली. हा कार्यक्रम भिंतीची लांबी तिच्या जाडीच्या मधून धरतो आणि नकाशावरचं माप आतून आतपर्यंत असतं. म्हणजे साडेचार इंची भिंत असेल तर तेवढी खोली कमी भरते. ती भर घातली. तरी पलंग, कपाट आणि आपांचं शिलाई मशीन एका भिंतीला बसेना. पलंग अठ्ठ्याहत्तर इंच, कपाट छत्तीस. मशीनचं टेबल सोळा इंच रुंद, काम नसताना आडवं सरकवून ठेवायचं, शिवायला बसताना पुढे ओढायचं. उरत होते जेमतेम सात इंच. मशीनवर आपांची कमाई आहे, कपाटात सहा जणांचे कपडे. मग जायचं कुणी? सगळ्यांच्या नजरा पलंगाकडे. दूल्हाभाईंनी फर्निचरवाल्याला फोन लावायला मोबाइल उचललाही.

अडवलं ते क्षेत्रफळाने. भिंतींनी बंद झालेल्या खोलीत दोनदा टिचकी मारली की कार्यक्रम चौरस मीटर सांगतो. मुंबईच्या २०१८ पासूनच्या नियमावलीत पुनर्वसनाचं घर २७.८८ चौरस मीटर चटई क्षेत्राचं, म्हणजे ३०० चौरस फूट. त्याआधी २६९ होतं, त्याच्याही आधी २२५. आपांच्या नकाशावर खोलीखोलीचं क्षेत्र छापलेलं होतं. या खोलीचं ९.६३. पडद्यावर आलं ९.०२.

नकाशावर लिहिलं होतं १०.११ आणि ९.६. आमच्याकडे बांधकामवाले असंच लिहितात: दहा फूट अकरा इंच, नऊ फूट सहा इंच. भाच्याने ती दशांश अपूर्णांकातली संख्या समजून ३०.४८ ने गुणली. दहा पूर्णांक अकरा शतांश फूट म्हणजे ३०८ सेंटिमीटर, आणि दहा फूट अकरा इंच म्हणजे जवळजवळ ३३३. दहा इंच खोली एका टिंबात गेली होती! आम्ही दोघंही शेजारी बसून ते आकडे वाचत होतो, आम्हालाही कळलं नाही. बारावीच्या गणितात नव्वदच्या वर गुण घेणाऱ्या मुलाची काय कथा.

फूट आणि इंच वेगळे लिहून, सगळ्याचे इंच करून, मग २.५४ ने गुणावं. १३१ इंचांतून पलंग आणि कपाट वजा जाता सतरा उरले. मशीन बसलं, वर एक इंच शिल्लक. भिंतींना गिलावा चढल्यावर तो इंच राहतो का, ते दूल्हाभाई टेप घेऊन पाहून येणार आहेत. फोन त्यांनी खिशात ठेवला.

नंतर किबल्याचा प्रश्न निघाला. कार्यक्रमात होकायंत्राचं चिन्ह असतं, ते नकाशावरच्या उत्तरेच्या बाणाप्रमाणे फिरवावं लागतं. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असं धरून चालू नये. आमच्या कागदावर उत्तर उजवीकडे होती. मुंबईहून किबला अगदी पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून साधारण दहा अंश उत्तरेकडे आहे. जानमाज थोडी तिरकी आली, तरी पलंगाच्या पायथ्याशी दोघांना शेजारी उभं राहता येतं. संडासाचं भांडं किबल्याकडे तोंड किंवा पाठ करून तर नाही, हेही पाहिलं. चार भिंतींच्या आत याबाबत उलेमांत मतभेद आहेत, पण पाइप बसण्याआधी बघायला काय हरकत?

बाथरूमचं दार आत उघडणारं होतं. अम्माजान वॉकर घेऊन चालतात. आत पडल्या तर दार त्यांच्याच अंगावर अडेल. ते बाहेर उघडणारं करून पाहिलं, कशाला आपटत नाही. त्यासाठी अर्ज द्यायचं ठरलं आहे.

रात्री अम्माजानला पडद्यावर त्यांचा पलंग दाखवला. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, “बाबा, खिडकीतून जांभूळ दिसंल का?” भाच्याने लगेच यादीतून एक झाड उचलून खिडकीबाहेर लावलं. अम्माजान हसल्या, “मजला कुठला?” तो सोडतीत कळायचा आहे. भाच्याने झाड काढून टाकलं आणि फाइल जतन केली.