पारखलेले सामान

काही वर्षांपूर्वी मी हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. श्रावणाचे दिवस होते. पाचनई गावातून गडाची वाट चढू लागते. अर्धा तासही झाला नसेल, तोच माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढच्या बाजूने सुटला आणि पावलागणिक तो बूट बेडकासारखे तोंड उघडू लागला. बूट अगदी नवे होते. आदल्याच दिवशी चांगली किंमत मोजून घेतले होते. दुकानदाराने आपल्याला फसवले, असे मी मोठ्याने बोलत राहिलो. वाट दाखवायला आलेले गावातील एक वृद्ध गृहस्थ ते सारे शांतपणे ऐकत होते. त्यांनी आपल्याजवळची सुतळी काढली, माझा बूट आवळून बांधला आणि विचारले, “पाहुणे, हे बूट घालून याआधी कुठं चालला होता का?” मी नाही म्हणालो. “मग त्यांची खोड तुम्हाला कळावी कशी?” एवढेच बोलून ते पुढे चालू लागले.

गावात आपली एखादी वस्तू बिघडली, तर शेजारी असतो, दुकान असते. रानात आणि डोंगरात यांपैकी काहीच नसते. पाठीवर जे असेल तेच आपले घर आणि तेच आपले दुकान. म्हणून तेथे कोणत्या सामानावर भरवसा ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. किमतीवरून, चकाकीवरून किंवा दुसऱ्याच्या शिफारशीवरून कोणतीही वस्तू भरवशाची ठरत नाही, असे माझे मत आहे. गरज पडण्यापूर्वी आपण ती वापरलेली असावी, तिचे दोष शोधलेले असावेत आणि ते आपल्या हातांनी दूर केलेले असावेत, तरच ती भरवशाची. या मताची अत्यंत कठोर परीक्षा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर झाली.

नॉर्वेचे प्रवासी रोआल्ड आमुंडसेन १९०३ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रात गेले होते. तेथील किंग विल्यम बेटावर त्यांचे जहाज दोन हिवाळे थांबले. त्या भागात नेत्सिलिक लोक राहतात. सील मासा म्हणून आपण ओळखतो तो प्राणी आणि कॅरिबू जातीचे हरिण यांच्या शिकारीवर त्या काळी त्यांचा निर्वाह चाले. आमुंडसेन या शिकाऱ्यांचे जणू शिष्यच झाले. नेत्सिलिक लोक कॅरिबूच्या कातड्याचे दोन अंगरखे घालीत. आतल्याची केसाळ बाजू अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. अंगरखे सैल असत, त्यामुळे आत हवा खेळती राही आणि घाम साचत नसे. अतिशीत प्रदेशात घाम हा मोठा शत्रू आहे, कारण तो कपड्यांतच गोठतो. त्या मुलखात झाडे नाहीत, मग बर्फावरून घसरणारी गाडी करायची कशाची? कित्येकदा ते मासे ओळीने मांडून ओल्या कातड्यात गुंडाळीत आणि गोठू देत. ती गोठलेली गुंडाळी म्हणजेच गाडीचा दांडा! उन्हाळ्यात बर्फ वितळू लागले, की गाडी मोडावी आणि मासे खावेत. ज्याने हे पहिल्यांदा केले, त्याच्या बुद्धीला मी मनोमन नमस्कार करतो.

पुढे जानेवारी १९११ मध्ये आमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरले. तेथे त्यांनी लाकडी घर उभारले. मग हिवाळा आला. सुमारे चार महिने सूर्य उगवला नाही. त्या अंधारात ही माणसे स्वस्थ बसली नाहीत. बर्फात खोदलेल्या खोल्यांत त्यांचा कारखानाच सुरू झाला. सोबत आणलेल्या घसरगाड्या जड वाटल्या, तेव्हा ओलाव्ह ब्यालंड या कुशल सुताराने त्या रंध्याने तासून त्यांचे वजन निम्म्याहून अधिक घटवले. बूट मुद्दाम करवून आणलेले होते. पण ते कठीण आणि घट्ट निघाले. ते उसवले, मोठे केले, पुन्हा शिवले.

इतके करूनही ८ सप्टेंबर १९११ रोजी ही मंडळी घाईने निघाली आणि फसली. पारा शून्याखाली पन्नास अंशांच्याही पुढे उतरला, काहींच्या टाचा थंडीने बधिर होऊन दुखावल्या आणि सर्वांना परतावे लागले. दुसरा कोणी असता तर त्याने थंडीला दोष दिला असता. यांनी बूट पुन्हा हाती घेतले. ऑक्टोबरमध्ये पाच जण पुन्हा निघाले, १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले आणि जानेवारीअखेर पाचही जण सुखरूप परत आले.

त्याच वेळी इंग्लंडचे कॅप्टन रॉबर्ट स्कॉट चार सोबत्यांसह ध्रुवाकडे निघालेले होते. ते १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचले. परतीच्या वाटेवर ठिकठिकाणी अन्नाचे आणि रॉकेलचे साठे पुरून ठेवलेले होते. ते उघडून पाहिले, तेव्हा डबे फुटलेले नव्हते, तरी त्यांतील रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी भरले. डब्यांच्या बुचांना चामड्याच्या चकत्या होत्या. त्या थंडीत चामडे ताठर झाले आणि फटींतून रॉकेल हळूहळू निसटले. तुम्ही म्हणाल, थोडे रॉकेल कमी पडले म्हणून काय झाले? पण चहूकडे बर्फ पसरलेल्या त्या प्रदेशात पिण्याला थेंबभर पाणी नसते. बर्फ वितळवावे तेव्हाच पाणी मिळते आणि त्यासाठी स्टोव्ह पेटावा लागतो. रॉकेल संपले, की ऊब, शिजलेले अन्न आणि पाणी ही तिन्ही एकदम जातात.

त्या पाचांपैकी कोणीही परतले नाही. अखेरचे तिघे ज्या तंबूत निजले, तेथून पुढचा मोठा साठा अवघा अठरा किलोमीटर दूर होता. त्यांचा अंत केवळ त्या चामड्याच्या चकत्यांमुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना उशीर झाला होता, अन्न अपुरे पडत होते, थंडी नेहमीपेक्षा कडक होती आणि त्यांचे धैर्य तर कोणाहून कमी नव्हते. परंतु डब्यातून रॉकेल निसटते हे आमुंडसेन यांनी उत्तरेच्या प्रवासात आधीच अनुभवले होते, म्हणून त्यांनी आपल्या डब्यांची तोंडे डाख लावून बंद केली होती. चिमूटभर कथलाचे ते काम!

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? उत्तमातले उत्तम आणि महागातले महाग घ्यावे, म्हणजे झाले. मला हे पटत नाही. वरील दोन्ही मोहिमांचे सामान त्यांच्या काळातील उत्तम सामानच होते. आणखी एक सांगतो. न पारखणारा माणूस भीतीपोटी फार सामान घेतो. हेही असू द्या, तेही असू द्या, असे करत पाठीवर डोंगर चढतो आणि मग समोरचा डोंगर चढवत नाही.

आपल्याकडेही नेत्सिलिकांसारखे गुरू आहेत. कोकणातील शेतकरी भाताच्या लावणीला बांबू आणि पानांचे इरले पाठीवर घेतो. छत्री एक हात अडवते, इरले दोन्ही हात मोकळे ठेवते. सह्याद्रीच्या माथ्यावर मेंढ्या चारणाऱ्या धनगराची घोंगडी दिवसा खोळ होते, रात्री अंथरूण-पांघरूण होते आणि भिजली तरी लोकरीची थोडी ऊब राखते. त्यांच्या मुलखात पाऊल टाकताना त्यांना चार गोष्टी विचारण्यात कमीपणा कसला?

तुमची शाळेची सहल गडावर जायची असेल, तर एक गंमत करून पाहा. आपल्या पिशवीत जुनी वर्तमानपत्रे भरा आणि तिच्यावर दोन बादल्या पाणी ओता. मग आतला कागद चाचपा. माझी पिशवी दुकानात “पावसाळी” म्हणून विकली गेली होती. तिच्यातील कागदाचा लगदा झाला. तेव्हापासून मी आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचे तोंड बांधतो. विजेरी डोळे मिटून लावता येते का, तेही पाहा, कारण ती लागेल तेव्हा अंधारच असेल. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन आधी गावाला एक फेरी मारा. खांदा कोठे दुखतो, हे घराजवळ कळलेले बरे. बूट मात्र पंधरा दिवस आधीपासून घालावेत. नव्या बुटांनी पायाला आलेला फोड अर्ध्या वाटेवर कोणाचे ऐकत नाही.

ते माझे तोंड उघडणारे बूट मी टाकले नाहीत. मोच्याकडून त्यांचा तळ जाड दोऱ्याने शिवून घेतला, काही महिने रोजच्या कामाला घातले आणि पुढच्या पावसाळ्यात तेच घालून पाचनईला गेलो. ते वृद्ध गृहस्थ ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिले आणि मग, “या पाहुणे,” म्हणून ते काठी घेऊन उठले.