श्रमलेल्या घोड्याचे पाय

बदलापूरच्या एका वाचकभगिनींनीं गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र पाठवून एक निराळाच प्रश्न विचारला आहे. सुट्टींत त्यांचें सारें कुटुंब माथेरानास गेलें होतें. संध्याकाळीं परततांना एक घोडेवाला आपल्या घोड्याच्या पायांना कापराच्या वासाचें तेल चोळीत बसलेला दिसला. मग त्यानें पुढच्या दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळल्या. मुलांनीं विचारलें, "घोड्याचे पाय दुखतात का हो?" तेव्हां वडील मंडळींपैकीं कोणी उत्तर दिलें कीं हा सारा गिऱ्हाइकांसाठीं मांडलेला देखावा आहे. खरें काय, हें त्या भगिनींस हवें आहे.

पाय दुखतात, एवढें प्रथम सांगून टाकतों. मात्र तेलानें व पट्टीनें ते बरे होतात काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचें उत्तर घोड्याच्या पायाची घडण पाहिल्यावांचून देतां येत नाहीं.

पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतों, तें वस्तुतः घोड्याचें मनगट होय, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचें नख. एवढा थोरला प्राणी चार नखांवर उभा असतो, व त्याच्या भाराचा सुमारें साठ टक्के वांटा पुढच्या दोन पायांवर पडतो. ह्या मनगटाखालीं मांस असें जवळजवळ नाहींच. नळीचें हाड, त्याच्या मागून दोरखंडासारख्या उतरणाऱ्या कंडरा आणि वर कातडें. कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. त्यामुळें मांसाची दुखापत कांहीं आठवड्यांत भरून येते, पण कंडरेचे तंतु तुटले तर नऊ महिने, प्रसंगीं वर्षही लागतें, आणि भरून आल्यावरही पूर्वीची लवचीकता येत नाहीं ती नाहींच. शिवाय प्रत्येक पावलागणिक ती ताणते व आखडते, आणि त्या ताणाताणींत तापते. भरधांव घोड्याच्या कंडरेचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचें शास्त्रज्ञांनीं मोजलें आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, पायांतील रक्त वर चढण्यास खूर जमिनीवर टेकण्याची व उचलण्याची हालचाल साह्य करते. म्हणून काम संपतांच खुंट्याला बांधून टाकलेल्या घोड्याचे पाय सकाळीं सुजलेले दिसतात.

द्रोणपर्वांत जयद्रथवधाच्या दिवसाची कथा आहे. भर रणांत घोडे थकले. अर्जुनानें खालीं उतरून बाणानें भूमि भेदली व जलाशय निर्माण केला. श्रीकृष्णानें घोडे सोडले, त्यांच्या अंगांतील बाण उपसले, दोन्ही हातांनीं त्यांचें अंग चोळलें, त्यांना पाणी पाजलें, चारा घातला, आणि त्यांचा शीण गेल्यावरच ते पुन्हां रथास जोडले. शाळेंत हा भाग सांगतांना मुलांचें सारें लक्ष अर्जुनाच्या बाणाकडे असे. आमचें मात्र श्रीकृष्णाच्या हातांकडे. सूर्यास्ताची मुदत डोक्यावर आणि प्रतिज्ञा प्राणांची, तरी घोड्यांचा वेळ त्यांना मिळाला. आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवानें अश्ववैद्यकाची सबंध परंपराच चालत आली आहे, आणि शिवछत्रपतींच्या पागेंत पंचवीस स्वारांमागें एक पखालजी व एक नालबंद असे. पाणी आणि खूर ह्या दोन गोष्टींवर स्वारी चालते, हें त्या काळीं हिशेबांतच धरलेलें होतें.

आमच्या लहानपणीं कल्याणच्या स्टेशनावर टांगे उभे असत. शहाडकडचा एक टांगेवाला संध्याकाळीं घोडा सोडून प्रथम त्याला हळूहळू चालवी, आणि मग उल्हास नदींत गुडघाभर पाण्यांत उभा करी. स्वतः कांठावर बसून विडी ओढी. विडी संपली कीं घोडा बाहेर. त्यानें कोणता ग्रंथ वाचला असेल असें वाटत नाहीं. परंतु आजचे पशुवैद्यही ह्याहून फारसें निराळें सांगत नाहींत. दहा-पंधरा मिनिटें संथ चाल, म्हणजे श्वास व नाडी ठिकाणावर येते; नंतर गुडघ्याखालीं पंधरा-वीस मिनिटें गार पाणी, म्हणजे कंडरेंतील उष्णता उतरते. (आजच्या उल्हास नदीच्या पाण्यांत घोडा उभा करा असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. नळाला रबरी नळी लावली तरी काम होतें.)

तेलाची पाळी त्यानंतर येते. ह्या चोळण्याच्या औषधांत बहुधा कापूर, पुदिन्याचें सत्त्व, विंटरग्रीन, टर्पेंटाइन, कधीं मिरचीचा अर्क असतो. आपल्या घरीं आजोबांच्या गुडघ्यांसाठीं जी बाटली असते, तिचीच हीं भावंडें. त्वचेला गार किंवा ऊन वाटतें, तेवढ्यानें वेदनेवरून लक्ष उडतें. पण आंतल्या कंडरेपर्यंत त्यांतलें फारच थोडें पोंचतें. मग गुण कशाचा? बराचसा चोळणाऱ्या हाताचा. रोज त्याच पायावरून फिरणाऱ्या हाताला काल नसलेली ऊब, बोटाखालीं लागणारी जराशी सूज, दाबल्यावर घोड्यानें पाय आंखडून घेणें, हें सारें लंगडणें सुरू होण्याच्या आधींच कळतें. तशी ऊब लागली तर मात्र तेलाची बाटली बाजूस ठेवावी, गार पाणी व विश्रांति द्यावी आणि पशुवैद्यास दाखवावें. मुंबईस परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे.

औषधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००८ च्या ऑलिंपिकमधील घोडेस्वारीचे सामने हाँगकाँग येथें झाले. त्यांत अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या चार घोड्यांच्या अंगांत मिरचीचें तिखट द्रव्य सांपडलें व ते स्पर्धेंतून बाद झाले. नॉर्वेच्या संघाला तर मिळालेलें कांस्यपदक परत करावें लागलें. तें द्रव्य वेदना मारतेंही आणि कातडी हळवी करून आडव्या दांड्याचा स्पर्श असह्यही करतें. जें ऑलिंपिकांत लपून घडतें, तें डोंगरवाटेवर उघड घडूं शकतें. पाय दुखतो आहे, पण तेल चोळून पट्टी आंवळली कीं घोडा दुसऱ्या दिवशीं चालतो. आणि न कळलेल्या वेदनेवर चाललेल्या घोड्याची कंडरा तुटते.

ह्याचा सारा दोष घोडेवाल्यावर ढकलणें आम्हांस पसंत नाहीं. माथेरान २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालें. मोटारी दस्तुरी नाक्यापाशींच थांबतात. ज्याच्या घरीं एक घोडा, त्याच्या घरीं घोड्याच्या विश्रांतीचा दिवस हा चुलीच्या विश्रांतीचाही दिवस. अशा माणसाशीं आपण पन्नास रुपयांसाठीं घासाघीस करतों आणि वर "जरा पळव रे" म्हणतों. भाराचेंही तसेंच. खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक ओझें त्याच्यावर घालूं नये, असा ठोकताळा आहे. तीनशें किलोच्या लहानखुऱ्या घोड्यास साठ किलो झाले. आमच्या घराण्यांतील कित्येक काका-मामांना ह्या हिशेबानें पायींच फिरावें लागेल, आणि त्यांत त्यांचें नुकसान कांहीं नाहीं. उल्हासनगरांत लग्नसराईंत डांबरी रस्त्यावर बॅण्डसमोर तासन्‌तास उभी राहणारी वरातीची घोडीही ह्यांतच आली; तिचा शीण चालण्याचा नसतो, उभें राहण्याचा असतो.

राहिली पट्टी. जुन्या पलटणींतले शिपाई पोटऱ्यांना जी गुंडाळीत, तिचें इंग्रजी नांवही आपल्याकडील ह्याच शब्दावरून बनलें आहे. घोड्याच्या पायाला ती नुसती गुंडाळूं नये. आंत कापसाची जाड घडी हवी. पुढून बाहेरच्या अंगानें मागें व मागून आंत असे वेढे घ्यावे, प्रत्येक वेढ्यानें आधीचा निम्मा झांकावा, ताण सर्वत्र सारखा असावा व कडेनें एक बोट आंत जावें. गांठ बाहेरच्या बाजूस द्यावी. मागें कंडरेवर कधींच देऊं नये. एखादी सुरकुती किंवा आंवळलेली नाडी रात्रभर कंडरेवर रुतली तर पट्टीच दुखापत करते. पाय ओला असतां, किंवा झणझणीत तेल ताजें असतां वर पट्टी बांधली तर कातडीला फोड येतात. बारा तासांच्या आंत ती सोडून पाय पाहावा. आणि दुखरा पाय एक असला तरी त्याच्या जोडीचाही बांधावा, कारण दुखऱ्याचा भार तोच वाहत असतो. नीट बांधलेली पट्टी सूज आवरते, आधार देते. तुटलेलें सांधीत नाहीं.

तेव्हां बदलापूरच्या मंडळींनीं पाहिलें तें देखावा होतें कीं शुश्रूषा, हें पट्टीवरून ओळखतां येणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच घोडा नाक्यावर उभा होता काय, आणि असल्यास पुढचा एक पाय पुढें टाकून त्यावरचा भार चुकवीत होता काय, हें पाहावयास हवें होतें. निरोगी घोडा विसांवतांना मागचा पाय ढिला सोडतो. पुढचा सोडीत नाहीं.

त्याच पत्रांत नालांविषयींही एक प्रश्न आहे. त्याचा विचार पुढील अंकीं.