एका क्लिकची सफाई

वेबसाइटवरचे बिनकामाचे फोटो साफ करून देतो म्हणणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो : चुकून भलतंच उडालं तर परत कसं आणाल? उत्तर हमखास इंदुरी हिंदीत येतं, "अरे सर, एक क्लिक का काम है, टेन्शन मत लो." मला टेन्शन येतं ते याच वाक्याचं.

धार-देवासकडच्या आपल्या मराठी मंडळांच्या ज्या वेबसाइट मी पाहतो, त्या वर्डप्रेसवरच्या. गणेशोत्सव, कोजागिरी, कुमार गंधर्वांच्या जन्मशताब्दीचे कार्यक्रम, स्मरणिकांच्या पीडीएफ, सगळं तिथे जाऊन पडतं. मग जागा संपल्याचा मेल येतो आणि कार्यकारिणीत गडबड उडते. शाल-श्रीफळाच्या खर्चावर चकार शब्द न काढणारी मंडळी होस्टिंगच्या वरच्या प्लॅनचा आकडा ऐकताच एकदम काटकसरी होतात. कुणीतरी सुचवतं, "एखादं प्लगिन टाका आणि नको ते फोटो उडवा." ठराव एकमताने मंजूर.

नको ते म्हणजे कोणते, हे प्लगिनला कोण सांगणार? आपण कुठे शोधलं आणि तिथे काय सापडलं नाही, एवढंच त्याला कळतं. सापडलं नाही म्हणजे लागत नाही, ही उडी त्याची जाहिरात मारते आणि आपण तिच्या मागोमाग मारतो.

मुळात शोधायच्या जागाच दोन, हा घोळ देवासकरांना तरी समजायला हवा. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या थोरल्या आणि धाकट्या पातीमुळे 1948 साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन राजे आणि दोन कारभार नांदले. वर्डप्रेसमध्येही अशाच दोन पात्या आहेत. फोटोची फाइल अपलोड्सच्या फोल्डरात राहते, तिची नोंद डेटाबेसमध्ये. कुणी शहाणा एफटीपीने आत शिरून फाइल पुसतो, तेव्हा डेटाबेसच्या धाकट्या पातीला पत्ताच नसतो. नोंद जागेवर राहते आणि पानावर फोटोच्या जागी मोडकी चौकट येते.

मीडिया लायब्ररीत 'अनअटॅच्ड' नावाची एक चाळणी आहे. ती लावायची, सगळं निवडायचं आणि पुसायचं, ही अर्धवट जाणकारांची आवडती युक्ती. ती चाळणी फक्त एवढंच सांगते की फाइलच्या नोंदीत कोणत्याही लेखाचं नाव पालक म्हणून लिहिलेलं नाही. मंडळाचा लोगो थेट लायब्ररीत चढवलेला असेल, तर तो प्रत्येक पानाच्या माथ्यावर दिसत असूनही या यादीत येतो. उलट, लेखात चढवून नंतर काढून टाकलेला फोटो वर्षानुवर्षं 'अटॅच्ड' म्हणून मिरवतो. म्हणजे दोन्हीकडून खोटी साक्ष, आणि तिच्यावर आपण फाशीची शिक्षा सुनावतो.

प्लगिनं याहून खोल शोधतात, हे खरं. पण एलिमेंटरसारख्या पेज बिल्डरने बांधलेल्या पानाची मांडणी डेटाबेसच्या दुसऱ्या तक्त्यात असते, आणि तिथे फोटोच्या पत्त्यातल्या प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक उलटी रेघ असते. सरळ पत्ता शोधणाऱ्याला तो दिसतच नाही. पार्श्वभूमीचं चित्र सीएसएसमध्ये, लोगो थीमच्या सेटिंगमध्ये, एखादं चित्र थेट थीमच्या कोडमध्ये. आणि न्यू जर्सीतल्या भाचीला व्हॉट्सअॅपवर पाठवलेली स्मरणिकेच्या पीडीएफची लिंक? ती पृथ्वीवरचं कोणतंही प्लगिन पाहू शकत नाही.

म्हणून साधन निवडताना ते किती जीबी वाचवतं हे विचारूच नका, ते चुकल्यावर काय करतं हे विचारा. वर्डप्रेसमध्ये मीडियाला मुळात कचरापेटीच नाही. पुसलं की कायमचं गेलं. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून पेटी सुरू करता येते, पण पेटीत टाकलेल्या फोटोची फाइल जागची हलत नाही. पानावर फोटो दिसत राहतो, आपण निर्धास्त होतो, आणि पेटी आपोआप रिकामी झाल्यावर बोंब उठते. मीडिया क्लीनरसारखं प्लगिन फाइल खरोखर उचलून वेगळ्या फोल्डरात ठेवतं. त्यामुळे काही मोडायचं असेल तर ते परत आणण्याची सोय असतानाच मोडतं. त्याची मोफत आवृत्ती पेज बिल्डर धुंडाळत नाही, त्यासाठी पैसे मोजावे लागतात. आणि आधी बॅकअप घ्या, असं ते स्वतःच बजावतं. स्वतःच्या चुकीची शक्यता कबूल करणारं साधन मला शंभर टक्के सुरक्षिततेच्या दाव्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

बॅकअपही फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा, एकाच वेळचा, आणि एकदा दुसरीकडे उतरवून पाहिलेला हवा. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबसारख्या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसच पुसला, तेव्हा बॅकअपच्या कितीतरी व्यवस्था कागदावर होत्या आणि ऐन वेळी बहुतेक निकामी निघाल्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. तिथे पगारी तज्ज्ञांची फौज होती. आपल्याकडे कोषाध्यक्षांचा पुतण्या आहे.

शिवाय ज्याने खरी जागा खाल्ली तो चोर मोकळाच राहतो. मोबाइलचा एक मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या 150, 300, 768, 1024, 1536, 2048 आणि 2560 पिक्सेलच्या प्रती काढतं. मूळ धरून आठ फाइली. थीम आणखी भर घालते ती वेगळीच. एकाच हळदी-कुंकवाचे तीनशे फोटो जसेच्या तसे चढवणाऱ्याला कुणी दोन शब्द सुनावत नाही. जुनी स्मरणिका मात्र फासावर जाते. चढवण्याआधी फोटो निवडा, लहान करा, अनावश्यक आकार बंद करा. यात क्लिकची जादू नाही, म्हणून यावर ठराव होत नाही.

आज कुणी वापरत नाही, या निकषाचं काय होतं ते धारला विचारा. परमार राजा अर्जुनवर्म्याच्या काळातली मदन कवीची पारिजातमंजरी ही नाटिका दगडांवर कोरलेली होती. तिचा एक शिलालेख 1903 साली धारच्या भोजशाळा-कमाल मौला परिसरात हाती लागला. चारपैकी दोनच अंक त्यावर आहेत. पुढचे दोन ज्या दगडावर असावेत तो सापडलेला नाही. अर्धं नाटक गेलं. तो दगड ज्याच्या हातून गेला, त्यालाही तेव्हा तो बिनकामाचाच वाटला असेल.

तेव्हा कार्यकारिणीने आधी ठरवावं : पुसलेल्या प्रत्येक फाइलच्या यादीखाली सही कोणाची? अध्यक्षांची, सचिवांची, की इंदुरी हिंदीतल्या त्या एका क्लिकवाल्याची? सही करायला कुणीच पुढे येत नसेल, तर निमूट वरचा प्लॅन घ्या. पैसे कमी पडलेच तर एक सत्कार रद्द करा; सत्कारमूर्ती सोडून कुणाच्या लक्षातही येणार नाही.