मंगळसूत्र म्हणजे निरोध नव्हे

"ताई, मी कुठं गेले नाही, आले नाही. मग हे माझ्याच रक्तात कसं निघालं?"

समोर बसलेल्या गरोदर बाईचा हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत तिला एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले. नवरा ट्रकवर. त्याची तपासणी कधी झालीच नव्हती. घरात पहिला कागद तिच्या नावाचा आला, म्हणून सासूच्या लेखी रोगही तिनेच आणला. आठवड्याभरात तिची भांडी वेगळी झाली.

एड्सच्या प्रचाराने वर्षानुवर्षे 'जोखमीचे वर्तन' मोजले ते जोडीदारांच्या संख्येवर. या बाईचा आकडा एक. म्हणजे कागदोपत्री ती अगदी सुरक्षित. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायात नव्हत्या आणि बहुतेकींचा संबंध आयुष्यात एकाच पुरुषाशी आलेला होता. तरीही त्यांच्यातल्या १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली होती. हे दवाखान्यात आलेल्यांचे प्रमाण होते, सरसकट सगळ्या स्त्रियांचे नव्हे. आज देशातल्या प्रौढांमधले प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. पण त्या अभ्यासाने दाखवलेली वाट बुजलेली नाही. धोका बाईच्या वागण्यात नव्हता, तो तिच्या नवऱ्याच्या वागण्यात होता. आणि त्यावर तिचा काडीचा ताबा नव्हता.

'एकनिष्ठ राहा' हा उपदेश आपण कुणाला करतो? जी आधीच एकनिष्ठ आहे, तिलाच. 'निरोध वापरा' म्हणावे, तर घरात निरोधाचे नाव काढणे म्हणजे नवऱ्यावर संशय घेणे, नाहीतर स्वतःवर ओढवून घेणे. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम'च्या कामातून वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया एकमेकींना निरोध वाटू लागल्या, संघटित झाल्या, निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार देऊ लागल्या. ज्यांना समाजाने रोगाचे मूळ ठरवले, त्यांनी आपल्या शरीरावरचा हक्क मिळवला. घरंदाज बायकोला मात्र नकाराचा हक्क कायदाही देत नाही. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही सज्ञान पत्नीवरील जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे.

लग्नाआधी तपासणी सक्तीची करा, अशी मागणी आपल्यातल्याच काही मैत्रिणी करतात. त्यामागची तळमळ मला कळते, पण मागणी पटत नाही. नुकतीच झालेली लागण तपासणीत निसटू शकते. शिवाय तो दाखला लग्नाच्या दिवसापुरता. पुढच्या वीस वर्षांचे काय? आणि ज्या मुलीचा कागद वाईट निघेल, तिचे गावात काय होईल, हे आपल्याला सांगायला नको.

त्यापेक्षा हाताशी आहे ते वापरू. सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणीला मनाई केली आहे आणि बाधित व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातले विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणूनच गरोदर बाईबरोबर नवऱ्यालाही तपासणीला आणायला हवे. मात्र तिच्या संमतीने, आणि त्यानंतर घरी तिला मार बसणार नाही याची खात्री करूनच.

मैत्रिणींनो, आपल्या बचतगटांत आणि शिबिरांत आपण हुंड्यावर बोलतो, दारूवर बोलतो. नवऱ्याशी होणाऱ्या शरीरसंबंधावर बोलायची वेळ आली की सगळ्यांच्या माना खाली जातात. त्या बाईला मी म्हटले, "यात तुझी चूक नाही." ती म्हणाली, "हे माझ्या सासूला येऊन सांगाल?"

मी गेले. पण एकटीने जाऊन भागणारे हे काम नाही.