मुळशीचे रान कोणी मोजावे?

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा 2023 सालचा अहवाल 2024 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला आणि देशाच्या भूमीपैकी 21.76 टक्के भाग वनाच्छादित असल्याचे जाहीर झाले. दशांश चिन्हापुढे दोन आकडे असले की त्यावर विश्वास ठेवण्याचा मोह होतो. पण या गणनेत ‘वन’ कशास म्हणतात, हे किती सुशिक्षितांस ठाऊक आहे? निदान एक हेक्टर जमिनीवर वृक्षांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांहून अधिक भरली की ती जमीन वन ठरते. मग तिची मालकी कोणाचीही असो, तिच्यावर ऐन-जांभूळ असोत, आंब्याची कलमे असोत की ओळीने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ असो.

या व्याख्येचा खरा अर्थ कळावयास पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने जावे लागते. मुळशीच्या डोंगरांत गावोगावच्या देवराया आहेत. देवाच्या धाकाने पिढ्यान्‌पिढ्या जेथे कुऱ्हाड चालली नाही, अशी ही रानाची बेटे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा देवराया पायी हिंडून पाहिल्या, झाडे ओळखून नोंदली आणि त्यांचे मोल विद्वानांपुढे मांडले. यांतील कित्येक देवराया अवघ्या काही गुंठ्यांच्या आहेत. अशी देवराई एकाकी उभी असेल, तर ती वनाच्या गणनेत येतच नाही. फार तर ‘वृक्षाच्छादन’ या वेगळ्या रकान्यात अंदाजाने धरली जाते. तिच्या शेजारच्या बंगल्यामागची अडीच एकरांची कलमी बाग मात्र वन म्हणून मिरवू शकते! वर्गातली डोकी मोजून कोण किती शिकले हे ज्या शिक्षकास कळते, त्यासच ही गणना पुरेशी वाटेल.

आमचा उपग्रहांस विरोध नाही. साऱ्या देशाचे रान दर दोन वर्षांनी पायी मोजणे कोणासही शक्य नाही. पण यंत्राची मर्यादा यंत्र वापरणाऱ्याने विसरू नये. ज्या चार महिन्यांत मुळशीत सारे काही उगवते, त्याच चार महिन्यांत ढगांमुळे साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहांस तेथील जमीन क्वचितच दिसते. वरकस उतारावरची नाचणी आणि वरीची चिंचोळी पट्टी तर आभाळ निरभ्र असतानाही भोवतालच्या गवतापासून वेगळी ओळखणे कठीण. 30 जुलै 2025 रोजी इस्रो व नासा यांनी सोडलेला ‘निसार’ उपग्रह रडारच्या साहाय्याने ढगांपलीकडे पाहतो, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु रडारने पाठविलेली खूण नाचणीची की कारवीची, हे ठरवावयास त्या दिवशी त्या शेतात कोणीतरी उभे असावे लागते.

याच जिल्ह्याच्या पूर्व टोकास हा प्रश्न थेट पोटाशी येऊन भिडतो. 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बारामती, पुरंदर, दौंड, इंदापूर व शिरूर हे आपले पाच तालुके होते. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेपासून अशा निर्णयात उपग्रहाने टिपलेल्या हिरवळीस मोठे स्थान मिळाले आहे. कोरडवाहू बाजरी करपली तरी कालव्याकाठचा ऊस आणि बांधावरची वेडी बाभूळ हिरवीच राहते. म्हणूनच संहितेने दहा टक्के गावांत प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची अट घातली. पीकविम्यातही 2023 च्या खरिपापासून भाताच्या उत्पन्नाच्या अंदाजात तंत्रज्ञानास तीस टक्के वजन देण्यात आले. उरलेले सत्तर टक्के तेव्हा कापणी-प्रयोगाच्या तराजूवर राहिले. दुष्काळ आणि विमा यांत पैसा द्यावयाचा असतो, म्हणून तेथे जमिनीवर उतरून खात्री केली जाते. रानाच्या बाबतीत कोणास काही द्यावयाचे नसते!

आणि तरीही रानाच्या नकाशावर गावांचे भवितव्य ठरत आहे. कस्तुरीरंगन समितीने 2013 मध्ये उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक आणि मानवनिर्मित भूप्रदेश वेगळे केले आणि ज्या गावांची वीस टक्के वा अधिक जमीन संवेदनशील ठरली, ती गावे यादीत घातली. 2014 पासून मसुद्यामागून मसुदे निघाले. 31 जुलै 2024 रोजी सहावा निघाला आणि त्यात महाराष्ट्राचे सुमारे 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र दाखविले गेले. आपले गाव यादीत का आले किंवा का वगळले गेले, हे सांगणारी झाडांची नोंद ग्रामपंचायतीपाशी असते काय? परक्याच्या दप्तरात आपली जमीन कशी मांडली जाते, याचा अनुभव मुळशीस नवा नाही. 1921 साली सेनापती बापटांच्या मागे हा तालुका उभा राहिला तो धरणाची रेषा दुसऱ्यांनी आखली म्हणूनच.

जैवविविधता कायदा 2002 सालचा. त्याखाली प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. 2020 च्या जानेवारीची मुदत गाठण्यासाठी अनेक ठिकाणी ती घाईघाईने भरली गेली आणि कपाटात गेली. ती बाहेर काढावी. देवराई, शासकीय वन, कारवीचा उतार आणि नाचणीचे वरकस यांतील काही कायम तुकडे आखून त्यांवरील प्रत्येक झाडाची व पिकाची नोंद गावकरी, वनरक्षक आणि पुण्यातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी यांनी मिळून दरसाल करावी आणि ती चावडीवर लावावी. खर्च फार नाही. येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी जिल्हा परिषदेने मुळशीतील निदान दहा गावांत हे काम सुरू करावे, अशी आमची मागणी आहे. म्हणजे पुढील वन अहवालातील आकड्याशी ताडून पाहावयास आपल्या हाती काहीतरी असेल.